त्रेसष्ट मिलिमीटर

लेझर प्रिंटर उघडायचा असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायर भिंतीतून उपटायची आणि ती डोळ्यांसमोर राहील अशी टेबलावर ठेवायची. मग अर्धा तास काही करायचं नाही. आत शाई कागदावर भाजून पक्की करणारा भाग असतो, त्याला फ्यूजर म्हणतात. तो दोनशे अंशांपर्यंत तापतो, आणि वरून बघून तो गरम आहे की गार हे कुणालाही सांगता येत नाही. तसाच दुसरा नाजूक जीव म्हणजे ड्रम. वीतभराहून थोडी लांब, मोरपंखी रंगाची गुळगुळीत नळी. ती बाहेर काढली की लगेच काळ्या कापडात गुंडाळायची, कारण उजेडानं ती बाद होते. तिला उघडं बोट तर कधीच लावायचं नाही. लावलं की त्या बोटाचा ठसा पुढच्या कागदांवर उमटत राहतो.

हे सगळं मला बीदरला निंगप्पा मास्तरांनी शिकवलं. मास्तरांच्या उजव्या अंगठ्यावर कायम एक रबरी टोपी असायची, कचेरीत कागद चाळायला घालतात तशी. चहा पितानाही ते ती काढायचे नाहीत. आम्ही त्यांच्या माघारी हसायचो. त्यांच्याकडं लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी घाई करून फ्यूजरवर अंगठा भाजून घेतला होता. त्याचा चंद्रकोरीसारखा पांढरा व्रण राहिला. मास्तर म्हणाले होते, बरं झालं, आता विसरणार नाहीस.

विसरलो नाहीच. पुढं दोन्ही नियम मी एकेकदा मोडले ते चांगलं आठवत असताना मोडले, आणि दोन्ही वेळा धम्मानंदमुळं.

धम्मानंद संतपूरचा. माझ्यानंतर दोन वर्षांनी मास्तरांकडं आला. स्क्रू कागदावर मशीनचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवायचे, म्हणजे जोडताना चुकत नाही, हे मी त्याला शिकवलं. सहा महिन्यांनी त्याला चित्राची गरज उरली नाही. मशीन कागद ओढताना तो मान थोडी वाकडी करून ऐकायचा आणि कुठला रोलर झिजलाय ते सांगायचा. मी उघडून बघायचो, तर तसंच असायचं. पुढं मी औरादला बसस्टँडच्या रस्त्यावर दुकान टाकलं. वर्षानं त्यानं मागच्या गल्लीत टाकलं. माझं दुकान रस्त्यावर, पाटी मोठी, तरी लोक माझ्याच पायरीवर येऊन विचारायचे, "धम्मानंदचं दुकान कुठं आलं वो?" मी हात करून दाखवायचो.

सरळच सांगतो, मी त्याच्यावर जळायचो. आमच्या गल्लीतली काही माणसं त्याच्याबद्दल बोलता बोलता जातीवर यायची. मी त्यांना गप्प करायचो, पण जरा उशिरा.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांची नजर गेली आणि त्यांनी दुकान बंद केलं. आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मला स्क्रूड्रायव्हरचा कोरा संच दिला, खोक्यासकट. धम्मानंदला त्यांची जुनी स्टीलची पट्टी दिली. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण प्रिंटरवाल्याचा सगळा जीव त्या पट्टीत असतो. रोलरवर डाग असेल तर तो दर फेरीला एकदा कागदावर उमटतो. दोन डागांमधलं अंतर मोजलं की कुठला रोलर बिघडला ते न उघडता कळतं. चौऱ्याण्णव मिलिमीटर आलं तर ड्रम, सत्तावन्न आलं तर फ्यूजर, त्रेचाळीस आलं तर ट्रान्स्फर रोलर. मास्तरांनी त्या त्या अंतरावर सुईनं बारीक रेघा ओढून ठेवल्या होत्या, तीस वर्षांच्या. ती पट्टी माझी होती. निदान मी तसं धरून चाललो होतो. त्या दिवशी मास्तरांनी पट्टीबरोबर एक लहानशी पुडीही त्याच्या हातात दिली, पण माझं लक्ष पट्टीवर होतं.

ही गोष्ट गेल्या दसऱ्याची. औरादच्या एका सरकारी कचेरीचं मशीन धम्मानंदकडं देखभालीला होतं. त्यावर पहाणी निघते. पहाणी म्हणजे तुमच्याकडच्या सातबाऱ्यासारखा आमचा जमिनीचा कागद. त्याच सुमाराला औराद आणि चिटगुप्पा, दोन्ही तालुक्यांतल्या कचेऱ्यांची मशीनं एकाच माणसाच्या हाती सोपवायचं वर ठरत होतं. माणूस सुचवायचं काम कचेरीतल्या मोठ्या क्लार्कचं, संगमेशचं. तो कुणाचं नाव लिहिणार हे गावाला माहीत होतं. ते लिहिलं गेलं की मी माझं शटर ओढून शेतावर जायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. माझी शेती भावाकडं आहे. तिथं माझी गरजही नाही.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सकाळी धम्मानंद माझ्या दुकानात आला. आईला घेऊन नागपूरला निघाला होता, दीक्षाभूमीवर. हातात एक छोटं खोकं होतं.

"अण्णा, कचेरीतलं मशीन कागद ओढंना गेलंय. तेवढा पिकअप रोलर बदला. बाकीचं काई उघडू नका, समदं म्या मागच्याच आठवड्यात नवं घातलंय."

बाकीचं काही उघडू नका. हे तो मला सांगत होता, स्क्रू कुठं ठेवायचे हे ज्याला मी शिकवलं. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी हो म्हणालो, आईला नमस्कार सांग म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा कचेरीत पूजा आटोपली होती. दारात फोडलेला कोहळा, आत अगरबत्तीचा वास. कपाटं, कॉम्प्युटर, शिक्क्यांचा डबा, सगळ्यांना कुंकू लागलेलं. प्रिंटरला झेंडूची माळ होती. लोक प्रसादाच्या ताटाभोवती जमलेले, त्यामुळं मशीनच्या खोलीत मी एकटाच होतो. वायर काढली, माळ बाजूला ठेवली, दहा मिनिटांत पिकअप रोलर बदलला. तो बाहेरच्या बाजूला असतो, त्याला अर्धा तास थांबावं लागत नाही.

काम संपलं होतं. तरी मी पुढचं दार उघडलं आणि ड्रम बाहेर ओढला. इतका नवा होता की त्यात माझा चेहरा दिसला, लांबट आणि हिरवा. मी उजवा अंगठा बरोबर मध्यावर टेकवला आणि पाचपर्यंत मोजलं. नळी गार होती. मग ती परत बसवली, दार लावलं, माळ घातली. काम झाल्यावर चाचणीचा कागद काढायचा असतो. तो काढला नाही.

सुट्ट्या संपल्यावर मंगळवारी कचेरी उघडली. मी समोरच्या टपरीवर सुसला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, खायच्या निमित्तानं जाऊन बसलो. अकराच्या सुमाराला आतून आवाज चढले. राजूबाई नावाची एक म्हातारी पहाणी हातात धरून खिडकीपाशी उभी होती आणि जागची हलत नव्हती.

"ह्यो कुणाचा अंगठा हाय माझ्या रानावर?" ती म्हणत होती. "माझ्या सासऱ्यानं जल्मभर कुणाला अंगठा दिला न्हाई. आन तुम्ही मशीनीतून देऊन सोडायलाव?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या कचेरीत असता तर तो नुसता डाग ठरला असता. जमिनीच्या कागदावर परक्याचा अंगठा म्हटल्यावर आमच्याकडं माणसाची झोप उडते. रांगेतल्या प्रत्येकानं आपापला कागद उजेडात धरला. प्रत्येकावर तीन अंगठे होते, एकाखाली एक, नावांवर आणि सर्व्हे नंबरांवर. मीही तिथं जाऊन एक कागद मागून घेतला. ठसा इतका स्वच्छ होता की रेघा मोजता आल्या असत्या, आणि रेघांच्या मधोमध एक पांढरी चंद्रकोर होती.

मी हात खिशात घातला.

धम्मानंद त्याच दुपारी हजर झाला. कागदावर पट्टी ठेवली, चौऱ्याण्णव आलं. ड्रम. कुणाचं तरी बोट लागलंय, असं तो म्हणाला. संगमेशनं कुणाचं म्हणून विचारलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. धम्मानंदनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"माझंच लागलं आसंल, सर. घालताना."

माझ्या जागी दुसरा असता तर त्याला लाज वाटली असती. मलाही वाटली, पण तिच्या मागोमाग राग आला. स्वतःवर आळ घेऊनही हा माणूस खाली पडत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं बीदरहून नवा ड्रम आणला. मला मदतीला बोलावलं. मी काळं कापड धरलं, त्यानं जुना ड्रम त्यात गुंडाळला, नवा दोन्ही टोकांना धरून बसवला. चाचणीचा कागद कोरा आला, दुसराही तसाच. संगमेशनं चहा मागवला.

तिसऱ्या कागदावर अंगठा होता.

एक नाही, चार, आणि आधीपेक्षा कमी अंतरावर. धम्मानंदनं पट्टी लावली, उचलली, परत लावली. मग पट्टी माझ्या हातात दिली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या हातात आली होती. मी मोजलं. त्रेसष्ट मिलिमीटर.

त्या मशीनमध्ये त्रेसष्ट मिलिमीटरचा रोलर नाही. मी शपथेवर सांगतो, त्यात फिरणारी प्रत्येक वस्तू मला पाठ आहे. त्रेसष्टवर काहीच फिरत नाही.

पण पट्टीवर त्रेसष्टला रेघ होती. बाकीच्या रेघांहून जुनी, घासून पुसट झालेली.

"म्या एकदा इचारलं होतं मास्तरला," धम्मानंद हळूच म्हणाला. "ही रेघ कशाची म्हणून. त्येची गरज पडू नये तुला, एवढंच म्हणले."

त्या रात्री मी नीट जेवलो, झोपलोही. मी भूतखेत मानणारा माणूस नाही. ड्रमच्या खोक्यातच दोष असेल, शाईत काही गेलं असेल, आयुधपूजेचं कुंकू आत सांडलं असेल, अशी कारणं मी सकाळी दात घासताना लावून बघत होतो. घासता घासता हात थांबला. मग आत जाऊन शिवकन्येच्या, माझ्या बायकोच्या, शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला. अंगठ्याभोवती, पेराच्या वरच्या बाजूला एक वेढा दिला, जिथं दोरा मिळाला तिथं नखानं खूण केली आणि तो पट्टीवर ताणला. माझी साधी प्लास्टिकची पट्टी.

त्रेसष्ट.

पुढचे तीन आठवडे आम्ही त्या मशीनचा एकेक भाग बदलत होतो. ट्रान्स्फर रोलर, शाईचा डबा, कागद पुढं ढकलणारी चाकं, आरसा पुसून झाला, दात्यांची चाकं धुऊन झाली. आधी वायर काढायची, थांबायचं, मग काढायचं, घालायचं. दरवेळी दोन कागद कोरे निघायचे आणि तिसऱ्यावर अंगठा. जुने भाग धम्मानंद फेकत नव्हता. पुन्हा लागतील म्हणून माझ्याच दुकानात खोक्यात ठेवायला दिले होते. दिवाळी गेली. रस्त्याच्या कडेनं वाळत घातलेलं सोयाबीन उचललं गेलं, तुरी फुलल्या. ठसा मात्र जास्तच काळा होत गेला.

आणि माझा फोन माझ्या अंगठ्यानं उघडेनासा झाला. आधी दहादा लावल्यावर उघडायचा, मग तेवढ्यानंही नाही. मी आकडे टाकून उघडायला लागलो. एके दिवशी मी जेवायला बसलो असताना शिवकन्येनं माझा हात धरून उजेडाकडं वळवला.

"तुमचा अंगठा आसा तुळतुळीत कामून दिसायलाय?"

टोनरच्या पावडरीनं कातडी झिजते, असं मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली. बाकीच्या बोटांची कातडी का झिजली नाही, हे तिनं विचारलं नाही. मी ताटावर बसूनच अंगठ्याकडं बघत राहिलो. रेघा नव्हत्या. चंद्रकोरही नव्हती. साबणाच्या वडीवर पाणी फिरावं तसं सगळं सपाट झालं होतं.

याच दिवसांत मी धम्मानंदला सगळं सांगायचं दोनदा ठरवलं. एकदा त्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो होतो. आत राजूबाई बसली होती. पदरात रानातल्या भुईमुगाच्या शेंगा आणलेल्या, त्याला सोलून देत होती. तिचा कागद अजून निघाला नव्हता. त्यासाठी ती पाचव्यांदा औरादला आली होती आणि तरी त्याला म्हणत होती, लेकरा, तुझा काय दोष, मशीनच खोडीचं हाय. मी बाहेरूनच परत फिरलो. माझ्या हातून एखादं मशीन आठ दिवस रखडलं तर लोक पायरी चढून शिव्या द्यायचे. त्याचं महिनाभर रखडलं तर शेंगा.

संगमेशचा धीर सुटत चालला होता. शेवटी एका गुरुवारी त्यानं सांगून टाकलं. सोमवारपर्यंत मशीन दुरुस्त झालं नाही तर तो एक कागद बीदरला ठसे तपासणाऱ्यांकडं पाठवणार, आणि मशीनला हात लावलेल्या सगळ्यांचे अंगठे घेणार. धम्मानंद म्हणाला, घ्या की, सर. मी दाराकडं सरकलो. मग अंगठा आठवला, सपाट झालेला. माझ्या अंगठ्यावरून आता कुणाला काहीच कळणार नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच भीती वाटली.

बदलायचा एकच भाग उरला होता, फ्यूजर. शनिवारी दुपारी आम्ही तो घेऊन गेलो. सकाळभर त्या मशीनवर शाळेच्या दाखल्यांचे कागद निघत होते, अंगठ्यांसकट, दुसरा इलाज नव्हता. संगमेश जेवायला गेला. जाता जाता धम्मानंदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आज होऊ द्या, मास्तर. सोमवारी तुमचंच नाव वर धाडणार हाय."

त्यानं त्याला मास्तर म्हटलं. मला तो व्यंकट म्हणायचा.

धम्मानंदला आईचा फोन आला, म्हणून तो बाहेर व्हरांड्यात गेला. मी वायर उपटली आणि टेबलावर ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून दोन मिनिटं झाली होती. मागचं झाकण उघडलं, दोन्ही बाजूंचे स्क्रू काढले, चित्र न काढता ओळीनं ठेवले. बाहेरून त्याचं हसणं ऐकू येत होतं. इतकं सगळं होऊनही तो हसू शकत होता.

तो आत आला. घड्याळात एक वाजून नऊ मिनिटं... नाही, दीड वाजून नऊ मिनिटं. मला तो काटा अजून दिसतो आणि तो सांगताना अजून मी चुकतो.

"किती येळ झाला, अण्णा?"

"अर्धा तास होऊन गेला," मी म्हणालो. "गार हाय."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. मान वाकडी करून ऐकलंही नाही. फ्यूजरची एक बाजू अडकली होती, ती सोडवायला त्यानं उजवा अंगठा आत घालून दाबला.

आवाज अगदी लहान झाला. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा एवढाच.

तो ओरडला नाही. नुसतं "अण्णा" म्हणाला.

मग वास आला.

मी त्याला नळाखाली नेलं. पाणी सोडलं, हात धरून ठेवला. अंगठ्याच्या पुढच्या भागावरची कातडी उरली नव्हती. तो माझ्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता. मला तोच हवा होता. एकदा तरी त्यानं माझ्यावर चिडावं म्हणून मी आतल्या आत वाट बघत होतो. तो म्हणाला, "घड्याळ चुकलं आसंल."

त्याला बाकावर बसवून मी आत आलो. जुना फ्यूजर बाहेर ओढला. मनगटाला झळ लागत होती, मनगटावरचे केस आखडले. पण ज्या अंगठ्यानं मी तो धरला होता त्याला काहीच लागत नव्हतं. मी अंगठा मुद्दाम रोलरवर टेकवला, धम्मानंदच्या कातडीचा पापुद्रा चिकटला होता तिथंच. पाचपर्यंत मोजलं. गार लागलं.

नवा फ्यूजर मी एकट्यानं बसवला. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम. वायर लावली, चाचणीचा कागद काढला.

कोरा.

दुसरा कोरा.

तिसरा कोरा.

शंभर कागद काढले. एकावरही काही नव्हतं.

सोमवारी राजूबाईला तिची पहाणी मिळाली. संगमेशनं धम्मानंदचं नाव लिहून पाठवलं. हाताला पट्टी बांधलेल्या धम्मानंदनं सगळ्यांसमोर सांगितलं की फ्यूजर मी बसवला. संगमेश हसून म्हणाला, "तुमचाच माणूस की हो तो." मी दुकानात आलो आणि जुन्या भागांचं खोकं मागच्या खोलीत ढकलून दिलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी रेशनला गेलो. आमच्या रेशन दुकानदाराचं नाव रेवणसिद्ध, माणूस गमत्या. त्यानं कार्डाचा नंबर टाकला, पडद्यावर माझं नाव आलं, आणि मी अंगठ्याच्या मशीनच्या काचेवर अंगठा ठेवला. मशीननं बाईच्या आवाजात सांगितलं, अंगठा ठेवा. मी दाबून ठेवला. अंगठा ठेवा. पुसून ठेवला. तिसऱ्यांदाही ती तेच म्हणाली, जसं काही काचेवर कुणी बोटच ठेवलं नव्हतं. दुसरं बोट लाव, रेवणसिद्ध म्हणाला. लावलं. रेशनला माझा अंगठाच नोंदवलेला होता, म्हणून बाकीच्या नऊ बोटांना मशीन जुळत नाही म्हणालं. अंगठ्याला मात्र तेवढंही म्हणत नव्हतं.

मागं रांग वाढत होती. मशीनच बिघडलं म्हणून रेवणसिद्धनं फोन लावला. धम्मानंदचं दुकान त्या गल्लीतच आहे, तो दोन मिनिटांत आला. अंगठ्यावरची पट्टी निघाली होती. मला बघून नेहमीसारखा हसला. खिशातलं मऊ फडकं काढून त्यानं काच पुसली, वायर बघितली, आणि दिवा लागतो का ते बघायला आपला अंगठा काचेवर ठेवला.

मशीननं बारीक शीळ दिली. पडद्यावर हिरवी खूण आली आणि तिच्या शेजारी माझं नाव, वडिलांच्या नावासकट. बाजूच्या छोट्या छपाईयंत्रातून पावती सरकत बाहेर आली.

"झालं की," रेवणसिद्ध म्हणाला आणि तांदूळ मापायला वळला. त्याला वाटलं, मीच लावला.

धम्मानंदनं अंगठा उचलला आणि उजेडात धरला. नवी कातडी गुलाबी होती. गुलाबी कातडीवर रेघा होत्या, दाट आणि स्वच्छ, आणि त्यांच्या मधोमध एक पांढरी चंद्रकोर. चार आठवड्यांपूर्वी भाजलेल्या अंगठ्यावर बारा-चौदा वर्षं जुना व्रण. त्यानं तो बराच वेळ बघितला. मग माझ्या हाताकडं बघितलं. मी हात खिशात घातला नाही. घालून उपयोग नव्हता.

सांगायचं होतं ते सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी म्हणालो एवढंच, "धम्मा, मी..."

"ऱ्हाऊ द्या, अण्णा."

त्यानं पाठीवरची पिशवी पुढं घेतली. पट्टी ठेवतो त्या कप्प्यात हात घालून एक लहानशी पुडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. कागद जुना होता, घड्यांवर पिवळा पडलेला.

"मास्तरनं पट्टीसंगट दिल्ती. ठिवून दे म्हणले, लागंल त्याला दे. कामून, ते काई बोलले न्हाईत."

मी पुडी उघडली. आत मास्तरांच्या अंगठ्यावरची ती रबरी टोपी होती, वापरून मऊ झालेली.

रेवणसिद्ध तांदळाची पिशवी पुढं सरकवत होता. ती उचलायला हात मोकळा हवा, म्हणून मी टोपी अंगठ्यावर चढवली. ती मला बरोबर बसली.